गृहपाठाचा निरोप घरापर्यंत नीट कसा पोचवायचा? (पहिली ते चौथी, वाचन आणि गणित)

पालक सभेत दोन तक्रारी हमखास येतात. पहिली, ‘बाई, अभ्यास काय दिलाय तेच आम्हाला कळत नाही.’ दुसरी, ‘हल्ली शाळेत अभ्यासच देत नाहीत.’ दोन्हींवर आपलं उत्तर एकच असतं: ‘ग्रुपवर टाकलं होतं की!’ टाकलेलं असतंही. फळ्याचा फोटो आणि त्याखाली ‘पान ३४, स्वाध्याय २ सोडवून आणणे’. पण तो फोटो ज्या मोबाइलवर गेला तो असतो वडिलांच्या खिशात. वडील घरी येतात रात्री नऊला. संध्याकाळी सहाला पोराजवळ बसलेली असते आजी, आणि तिला पान ३४ म्हणजे काय हेही ठाऊक नसतं आणि तिथे आपण काय करायचं हेही.

निरोप गेला म्हणजे तो पोचला असं नाही. संध्याकाळी जो माणूस मुलाजवळ बसतो त्याला ‘मी काय करू, किती वेळ करू आणि काय करू नको’ हे कळलं, तर निरोप पोचला. पुढची सगळी खटपट एवढ्यासाठीच आहे. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि अनुदानित मराठी शाळांतल्या शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. विषय फक्त दोनच घेतले आहेत, वाचन आणि गणित. हे दोन सुटले की परिसर अभ्यासाचं फारसं अडत नाही.

आधी वेळेचा हिशेब

किती गृहपाठ द्यायचा हे आपल्या मर्जीवर सोडलेलं नाही. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीला गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं स्पष्ट म्हटलं आहे. दोन तास दिवसाला नव्हे, आठवड्याला. हे वाचून बरेच पालक (आणि खरं सांगायचं तर बरेच शिक्षकही) दचकतात.

म्हणून जूनच्या पहिल्याच सभेत हा आकडा पालकांना सांगून टाकावा. नाहीतर शेजारच्या इंग्रजी माध्यमातलं पोर रात्री दहापर्यंत लिहीत बसलेलं बघून आपल्या शाळेत काहीच होत नाही असा समज पसरतो, आणि दुसरीतल्या मुलाला शिकवणी लागते. सांगताना ‘धोरण आहे म्हणून देत नाही’ एवढ्यावर थांबू नका. पहिली-दुसरीला लेखी काही नसलं तरी घरी करण्यासारखं बरंच असतं: शाळेत ऐकलेली गोष्ट आईला सांगणं, दुकानाच्या पाटीवरची ओळखीची अक्षरं शोधणं, ताटात वाढलेल्या चपात्या मोजणं. हाच तुमच्या मुलाचा अभ्यास आहे, असं पालकांना ठसवून सांगावं लागतं, कारण वही भरली नाही तर अभ्यास झाला असं आपल्याकडे कोणी मानत नाही.

दुसरी बाजूही लक्षात असू द्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. पालकांना नियमित भेटणं आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती त्यांना सांगणं हे त्यांतलं एक आहे. म्हणजे पालकांना कळवणं हे वरकड काम नाही, ते नोकरीतच येतं. त्यामुळे त्यासाठी वेळापत्रकात जागा मागायला संकोच नको.

पायरी १: संध्याकाळी घरी कोण असतं?

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात एक यादी करा. हजेरीपटावर वडिलांचं नाव आणि एक मोबाइल नंबर असतो, पण त्यावर आपलं काम भागत नाही. प्रत्येक मुलापुढे हे लिहा:

- संध्याकाळी सहा ते आठ मुलाजवळ कोण असतं (आई, आजी, मोठी बहीण, कोणीच नाही)
- त्या माणसाला मराठी वाचता येतं का
- घरात बोलतात ती भाषा (मराठी, अहिराणी, गोरमाटी, पावरी, कोरकू, हिंदी, कन्नड, जी असेल ती)
- फोन कोणाचा, साधा की स्मार्ट, घरी किती वाजता येतो

‘वाचता येतं का’ हे मुलांसमोर किंवा सभेत विचारू नका. घरी गेल्यावर किंवा शाळेच्या दारात एकटी भेटल्यावर ‘चिठ्ठी पाठवू की फोनवर बोलून सांगू, तुम्हाला काय सोपं जाईल?’ असं विचारलं की उत्तर आपोआप मिळतं. मोठ्या भावंडांची नोंद जरूर करा. पाचवी-सहावीतली ताई हा अनेक घरांतला खरा पालक असतो आणि ती त्याच शाळेत शिकत असेल तर निरोप द्यायला मधल्या सुट्टीत दोन मिनिटं पुरतात. मात्र तिचाही अभ्यास असतो. तिला रोज जुंपू नका.

ही यादी झाली की वर्गाचे तीन गट दिसतात: वाचणारे, ऐकणारे आणि ज्यांच्या घरी त्या वेळी कोणीच नसतं असे. तिघांना एकाच वाटेने निरोप जाणार नाही.

पायरी २: रोजच्या फोटोऐवजी सोमवारची चिठ्ठी

माझं मत स्पष्ट आहे: रोज संध्याकाळी ग्रुपवर फळ्याचा फोटो टाकणं बंद करावं. त्याने पालकांना माहिती मिळत नाही, फक्त आपल्याला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. त्याऐवजी आठवड्याला एकच चिठ्ठी काढा, अर्ध्या पानाची, मोठ्या अक्षरात. सोमवारी ती वहीत चिकटवायची, आणि तोच मजकूर मोबाइलवरही जाऊ द्यायचा. तिसरीच्या वर्गासाठी नमुना असा:

> नमस्कार. इयत्ता तिसरी, या आठवड्याचा अभ्यास.
>
> वाचन: रोज १० मिनिटं. मराठीच्या पुस्तकातला चालू धडा. सोमवार-मंगळवार पहिलं पान, बुधवार-गुरुवार दुसरं पान, शुक्रवार-शनिवार पूर्ण धडा.
> तुम्ही काय करायचं: जवळ बसून ऐका. अडलं तर मनात पाचपर्यंत मोजा, मग शब्द सांगा. शेवटी एकच विचारा, ‘यात तुला काय आवडलं?’
>
> गणित: बुधवार आणि शनिवार, १५ मिनिटं. दोन अंकी उसन्याची वजाबाकी, पाच उदाहरणं.
> शाळेत असं शिकवलं: ५२ मधून २७ घालवताना ५ दशकांतला एक दशक सुटा केला. म्हणजे ४ दशक आणि १२ सुटे. १२ मधून ७ गेले, राहिले ५. ४ मधून २ गेले, राहिले २. उत्तर २५.
> तुम्ही काय करायचं: ‘कसं केलंस, मला सांग’ एवढंच म्हणा.
> हे करू नका: उत्तर सांगू नका, चुकलेलं खोडून घेऊ नका. चूक मला बघायची आहे.
>
> १५ मिनिटं झाली की वही बंद करा, उदाहरण अर्धं राहिलं तरी चालेल.
> शनिवारी रात्री खाली खूण करा, सोमवारी चिठ्ठी परत पाठवा.

वेळ मोजा: वाचनाचे ६० आणि गणिताचे ३० असे दीड तासात आठवडा झाला. दोन तासांच्या मर्यादेत तर बसलंच, वर अर्धा तास चित्र काढायला आणि कविता म्हणायला उरला.

चिठ्ठीतल्या तीन ओळी कधीही गाळू नका. ‘शाळेत असं शिकवलं’, ‘तुम्ही काय करायचं’ आणि ‘हे करू नका’. पान नंबर विसरलात तरी चालेल, पोरं एकमेकांना विचारून घेतात. ‘चूक मला बघायची आहे’ हे वाक्य सुरुवातीला पालकांना विचित्र वाटतं. वही नीटनेटकी जावी म्हणून आई बिचारी स्वतः बरोबर उत्तरं लिहवून घेते आणि आपण त्यावर शेरा देतो ‘छान’. मुलाला काय येत नाही हे मग चाचणीपर्यंत कोणालाच कळत नाही.

भाषा बोलीतली ठेवा. ‘पाल्याच्या अध्ययन निष्पत्तीच्या दृढीकरणासाठी’ असलं काही चिठ्ठीत आलं तर ती चिठ्ठी केंद्रप्रमुखांसाठी लिहिलेली आहे, आजीसाठी नाही.

पायरी ३: वाचनाबद्दल काय सांगायचं

तिसरीपर्यंत वाचन आणि गणिताचा पाया पक्का करण्यासाठीच्या केंद्राच्या निपुण भारत अभियानाची उद्दिष्टं २०२१ पासून आपल्या भिंतींवर लागलेली आहेत: पहिलीअखेर चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं, दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीअखेर किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून. पालकांना हा आकडा सांगताना जपून सांगा. एखाद्या घरात मोबाइलचं स्टॉपवॉच निघतं आणि पोर धापा टाकत वाचायला लागतं. वेग शाळेत मोजू. घरी फक्त ऐकायचं.

वेगाऐवजी पालकांना पायऱ्या सांगा, त्या लगेच समजतात: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २००५ पासून याच क्रमाने तपासतात आणि गावागावांत तो ओळखीचा झाला आहे. ‘तुमची मुलगी आता शब्द वाचते, दिवाळीपर्यंत परिच्छेदावर आणायची आहे’ असं म्हटलं की आई विचारते, ‘मग मी काय करू?’ आपल्याला तोच प्रश्न यायला हवा असतो. ‘ब-२ श्रेणी आहे’ म्हटलं तर ती नुसती मान हलवते.

ज्यांना वाचता येत नाही अशा पालकांना ‘तुम्हाला काही करता येणार नाही’ असं चुकूनही वाटू देऊ नका. मुलं धडा पाठ करतात आणि पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणतात, हे आपल्याला माहीत असतं, घरच्यांना नसतं. ते ओळखायच्या तीन युक्त्या निरक्षर आजीलाही वापरता येतात. एक, वाचताना शब्दाखाली बोट ठेवायला सांगा. तोंड पुढे आणि बोट मागे राहिलं तर ते पाठांतर आहे. दोन, पानाच्या मधल्या ओळीवर आपण बोट ठेवा आणि ‘इथून वाच’ म्हणा. तीन, एका शब्दावर बोट ठेवून ‘हाच शब्द या पानावर अजून कुठे आहे?’ विचारा. सभेत एखाद्या मुलाला पुढे बसवून हे करून दाखवा. आज्या या कामात फार पटाईत निघतात.

वाचणाऱ्या पालकांची अडचण उलटी असते. ते फार टोकतात. प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घाला अडवलं की वाचनाचा धागा तुटतो. त्यांच्यासाठी चिठ्ठीत महिन्यातून एकदा ‘या महिन्यात हे अडेल’ अशी ओळ घाला. पहिली-दुसरीत घ आणि ध, भ आणि म यांची गल्लत होते, आणि ‘ख’ सुटा करून ‘रव’ वाचला जातो. दुसरी-तिसरीत जोडाक्षरं अडतात, त्यातही र जास्त, कारण तो वेष बदलून येतो: सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या. हे सगळ्याच मुलांचं होतं हे कळलं की घरातला आवाज जरा खाली येतो.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. वऱ्हाडात, खानदेशात मूल ‘डोळा’ हा शब्द बघून ‘डोया’ म्हणतं, ‘पाणी’ बघून ‘पानी’ म्हणतं. अक्षर ओळखलंय, अर्थ कळलाय, उच्चार घरचा आहे. हे वाचन बरोबर आहे. शहरात राहून आलेला काका इथे पोराला हसतो आणि ते पोर मोठ्याने वाचणंच सोडून देतं. ‘घरच्या बोलीत उच्चार झाला तर टोकू नका’ ही ओळ वर्षातून दोनदा तरी चिठ्ठीत जाऊ द्या.

पुस्तकाबाहेरचं वाचायला काय द्यायचं, हा प्रश्न ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांच्याकडून येतो. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’वर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, त्याही फुकट. पण पालकांना नुसती लिंक पाठवून उपयोग नाही. एक गोष्ट निवडा, तिचं नाव सांगा, ‘रविवारी ही वाचा’ म्हणा. शाळेच्या पेटीतलं एक पातळ पुस्तक शुक्रवारी घरी देणं मात्र याहून केव्हाही चांगलं. फाटेल, हरवेल, डाग पडतील. पडू द्या.

पायरी ४: गणितात घरची रीत आणि शाळेची रीत

गणितात पालकांचा गोंधळ वेगळा असतो. त्यांना उत्तर येतं, आपली रीत येत नाही. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा घराघरांत आणि थेट विधिमंडळापर्यंत केवढा गदारोळ झाला ते आठवा. पुस्तकाच्या समितीवर असलेल्या डॉ. मंगला नारळीकर यांना त्यामागचं कारण पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागलं: मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, वर संख्यानामांत जोडाक्षरं भरपूर, त्यामुळे लहान मुलं अडखळतात. हेतू योग्य होता. पालकांपर्यंत तो आधी पोचला नव्हता, पोचली ती थट्टा.

म्हणून नवी रीत वर्गात सुरू करण्याआधीच्या सोमवारी ती चिठ्ठीत घाला. वजाबाकीचंच बघा. अनेक आजोबांची रीत अशी असते: ‘२ मधून ७ जात नाहीत, वर १० दिले, १२ मधून ७ गेले ५. खाली १ दिला, २ चे झाले ३. ५ मधून ३ गेले २.’ उत्तर २५, अगदी बरोबर. शाळेत मात्र आपण दशक सुटा करतो. मूल दोन्हींची खिचडी करतं, वरून एक दशक कमी करतं आणि खालीही एक वाढवतं. उत्तर येतं १५. वहीत असं दहाने चुकलेलं उत्तर सारखं दिसलं तर मुलाला रागावू नका, घरी कोण शिकवतं ते आधी विचारा.

अशा वेळी ‘तुमची पद्धत जुनी आहे’ म्हणू नये. आजोबांना सांगायचं ते असं: ‘काका, तुमची रीत बरोबर आहे. दिवाळीपर्यंत मात्र आमच्या रीतीने करू द्या, दोन्ही एकदम झाल्या की तो गोंधळतो. पक्कं झालं की तुमची रीत तुम्हीच त्याला दाखवा.’ आणि दाखवायला पैसे घ्यायला सांगा. दहाच्या पाच नोटा आणि दोन सुटे रुपये समोर ठेवायचे आणि २७ रुपये मागायचे. सात रुपये सुटे द्यायला दहाची नोट मोडावीच लागते. नोट मोडली की उसना कुठून आला हे कोणालाही समजतं, शाळेत न गेलेल्या आईलासुद्धा. भाजीच्या पिशवीसोबत ती हे रोज करतेच.

संख्यांची नावं लिहिताना ‘एकोण’वाल्या संख्या सगळ्यात जास्त छळतात. एकोणतीस म्हटलं की कानाला ‘तीस’ ऐकू येतो आणि वहीत उमटतात ३९. तेवीसचे ३२ होतात. पालकांना सांगा, रोज एकच संख्या बोला आणि लिहायला लावा, जिथे दिसेल तिथे: एसटीचं तिकीट, पुस्तकाचा पान नंबर, दुकानातली किंमत. भिंतीवरचं कॅलेंडर चांगलं आहे, पण ते ३१ ला संपतं. तिसरीअखेर आपल्याला ९,९९९ पर्यंत जायचं आहे.

पाढ्यांबद्दल घरचे लोक आपल्यापेक्षा उत्साही असतात. ‘बे एके बे’ ची चाल छान आहे, सुरात म्हणू द्या. पण पुढे एक पायरी सांगा: मधूनच विचारा, ‘सात चोक?’ पहिल्यापासून म्हणत यावं लागलं तर पाढा अजून तोंडात आहे, डोक्यात उतरलेला नाही. शाब्दिक उदाहरणांत तर पालकांनी एकच काम करायचं: ‘यात काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग.’ ‘अगं, बेरीज कर ना’ असं सांगितलं की उदाहरण संपलं, कारण त्यातलं अवघड ते तेवढंच होतं.

पायरी ५: व्हॉट्सॲप, पण शिस्तीत

ग्रुपच्या सेटिंगमध्ये संदेश फक्त ॲडमिनला पाठवता येतील असं करून ठेवा. शुभ सकाळची फुलं, लग्नपत्रिका आणि निवडणुकीच्या क्लिपांत आपली चिठ्ठी हरवते. पालकांना प्रश्न विचारायचा असेल तर थेट तुमच्या नंबरवर, आणि वेळ ठरवून द्या, समजा संध्याकाळी सहा ते सात. रात्री अकराला आलेल्या ‘सर, उद्या सुट्टी आहे का’ला त्याच वेळी उत्तर देण्याची सवय लावलीत तर ती तुम्हालाच जड जाईल.

संदेशाची पहिली ओळ नेहमी एकाच साच्यात: इयत्ता, तारीख, विषय. दोन मुलं एकाच शाळेत असलेल्या आईला ‘आजचा अभ्यास’ म्हणजे कोणाचा ते कळत नाही.

वाचू न शकणाऱ्या घरांसाठी आवाजाचा संदेश हा सगळ्यात कामाचा. एक मिनिटाच्या आत, गावच्या बोलीत, आणि त्यातही क्रम तोच: काय, किती वेळ, तुम्ही काय करायचं, काय करू नका. तुम्हाला पावरी किंवा गोरमाटी येत नसेल तर अंगणवाडीताईंना किंवा शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईला बोलायला सांगा. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठीच्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी मेळाव्यांपासून अनेक गावांत माता-पालक गट झाले आहेत. वस्तीतल्या चार-पाच आया, त्यांतल्या एकीच्या फोनवर निरोप आला की ओसरीवर तो सगळ्यांना ऐकवला जातो. गट नसेल तर करा.

ग्रुपवर काय टाकायचं नाही, हेही ठरवा. कोणाचा गृहपाठ झाला नाही त्यांची नावं टाकायची नाहीत. चाचणीचे गुण टाकायचे नाहीत. चुकलेल्या वहीचा फोटो टाकायचा नाही, नाव झाकून सुद्धा नाही. अक्षरावरून गाव ओळखतं. कौतुकही जपून करा, सारखी तीच चार नावं दिसली की बाकीचे पालक ग्रुप म्यूट करतात.

फोनच नसेल तर? शाळेच्या दाराशी, जिथे पोरांना न्यायला लोक येतात तिथे, एक छोटा फळा लावा आणि सोमवारी चिठ्ठीतल्या चार ओळी त्यावर लिहा. आणि शाळा सुटण्याआधीची पाच मिनिटं राखून ठेवा. जोडीजोडीने मुलं एकमेकांना सांगतील: ‘आई, आज मला दहा मिनिटं वाचायचंय, तू फक्त ऐक.’ पहिलीतलं पोरही हे वाक्य घरी जाऊन तसंच्या तसं म्हणतं. सगळ्यात भरवशाचा निरोप्या तोच आहे.

पायरी ६: घरून परत काय येतं

‘पालकांची सही’ हा रकाना मला फारसा पटत नाही. सही मोठी बहीण करते, कधी मूल स्वतःच करतं, आणि अंगठा लावणाऱ्या आईला तो रकाना दरवेळी खुपतो. त्याऐवजी तीन खुणा ठेवा. गोल म्हणजे ‘स्वतः केलं’. आडवी रेघ म्हणजे ‘मदत लागली’. फुली म्हणजे ‘जमलं नाही किंवा वेळ झाला नाही’. वाचन आणि गणित, दोन्हींपुढे एकेक खूण. गोल, रेघ, फुली कोणालाही काढता येते. पहिल्या सभेत सगळ्यांकडून एकदा काढून घ्या, म्हणजे लाज मोडते.

चिठ्ठ्या सोमवारी परत आल्या की वर्ग प्रार्थनेहून येईपर्यंत नजर टाकता येते. निम्म्या वर्गाच्या गणितापुढे फुली असेल तर दोष घरांचा नाही. तो भाग वर्गात पुन्हा घ्या आणि पुढच्या चिठ्ठीत तसं लिहाही: ‘बऱ्याच जणांना वजाबाकी अडली. या आठवड्यात शाळेत पुन्हा शिकवते, घरी फक्त वाचन.’ हे एक वाक्य पालकांना सांगतं की आपली खूण कोणीतरी बघतं. नाहीतर दिवाळीनंतर खुणा बंद होतात. एकाच मुलाच्या सलग दोन-तीन फुल्या आल्या तर मात्र चिठ्ठीवर विसंबू नका, फोन करा.

फोनवर पहिलं वाक्य ‘तुमचा मुलगा अभ्यास करत नाही’ असं नसावं. असं बोलता येईल:

‘नमस्कार ताई, शाळेतून बोलतेय. काळजीचं काही नाही. साहिल वर्गात छान बोलतो, गोष्टी सांगतो. घरी वाचन होत नाहीये असं खुणांवरून दिसतंय. संध्याकाळी कसं असतं घरी?’

‘मॅडम, मी आठला येते कामावरून. तोवर तो झोपायला टेकतो.’

‘मग संध्याकाळचं राहू द्या. सकाळी भाकरी करताना चुलीशी बसून पाच मिनिटं वाचेल का? तुम्ही हात चालू ठेवा, कान फक्त इकडे.’

घरी कोणीच नसेल तर ते मान्य करा आणि शाळा भरण्याआधीची दहा मिनिटं चौथीच्या एखाद्या मुलाबरोबर वाचनाची सोय लावा. जे घर करू शकत नाही त्याला पुन्हा पुन्हा कळवत राहणं म्हणजे नुसता छळ.

पायरी ७: समोरासमोर

सभेला पालक येत नाहीत ही ओरड खरी आहे, पण सभा दुपारी दोनला आणि खुरपणीच्या दिवसांत ठेवली तर कोण येणार? १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला गाव तसंही शाळेत असतं. झेंडावंदनानंतर प्रत्येक मुलाने आपल्या माणसाला एक पान वाचून दाखवायचं आणि एक उदाहरण करून दाखवायचं. त्या वेळी भाषणं नकोत. आपण फक्त फिरत राहायचं आणि दोन-दोन मिनिटं बोलायचं.

मूल मागे असेल तर तीन गोष्टी सांगा आणि तिथे थांबा: आज कुठे आहे, पुढची पायरी कोणती, ती कधीपर्यंत. ‘आरोही दोन अंकी संख्या ओळखते, बेरीज हातच्याशिवाय करते. हातच्याची बेरीज नाताळपर्यंत यायला हवी. शाळेत मी रोज घेते, तुम्ही शनिवारी दहाच्या नोटा आणि नाण्यांवर करा.’ शेजारच्या पोराशी तुलना नको, ‘दादा तर हुशार होता’ हेही नको. हे बोलताना मूल समोर असतं आणि सगळं ऐकत असतं.

ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणारी घरं

बीड, अहिल्यानगरकडच्या शाळांत दिवाळीच्या आसपास वर्ग निम्मा होतो. मूल मागे आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलं तर पालक बदलला, यादीत तशी दुरुस्ती करा. मूल सोबत जाणार असेल तर निघण्याआधी शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे तिथल्या शाळेला ते कुठवर आलंय हे कळेल. दप्तरात मराठीचं आणि गणिताचं पुस्तक आणि चार महिन्यांची मिळून एकच चिठ्ठी ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत. तळावर रोज अभ्यास होणार नाही हे धरून चाला. आठवड्यातून एकदा मुलाने आवाजात एक पान वाचून पाठवायचं आणि तुम्ही आवाजातच उत्तर द्यायचं, एवढं टिकलं तरी मार्चमध्ये परत आल्यावर ते पोर अनोळखी होत नाही.

वर्ष संपताना

उन्हाळ्याच्या सुट्टीत गृहपाठाच्या वहीपेक्षा एक पुस्तक आणि एक चिठ्ठी द्या: आठवड्याला एक गोष्ट कोणाला तरी वाचून दाखवायची, आणि बाजाराच्या दिवशी हिशेब मुलाने करायचा.

यादीचं काय करायचं? आपल्याकडे बदल्या होतात, वर्गही बदलतात. जूनमध्ये नव्या बाई किंवा गुरुजी येतात तेव्हा त्यांच्या हातात गुणपत्रक असतं, पण संध्याकाळी कोण घरी असतं हे नसतं. म्हणून मेमध्येच प्रत्येक मुलापुढे एक ओळ लिहून ती वही मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा: ‘आजी ऐकते, फोन नको, चिठ्ठी मोठ्या अक्षरात.’ ‘वडिलांना रविवारी सकाळी फोन.’ ‘आईला वाचता येत नाही, पण पाढे तोंडपाठ, गणिताला तिला बसवा.’ वाचता येतं की नाही याची नोंद त्यात असल्यामुळे ही वही शिक्षकांपुरतीच राहू द्या.